मुलांना पाठवता, तर बरोबर एक मास्तरही पाठवा

इंदूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या संगणक विभागप्रमुखांना खुलं पत्र

सन्माननीय सर आणि मॅडम,

सादर नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी भाचीच्या साखरपुड्यात पंगतीला वाढत होतो आणि खिशातला फोन सारखा थरथरत होता. वाटलं, ऑफिसात काहीतरी बंद पडलं. जिलेबीचं ताट शेजारच्याच्या हातात कोंबून बाहेर आलो, तर आमच्या मराठी शब्दतपासनीसाच्या प्रकल्पावर पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'मी केलेला हा बदल घ्या' अशा विनंत्या, येत होत्या. एक, तीन, नऊ. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस. वर्षभरात आम्ही जेवढ्या पाहत नाही तेवढ्या एका दुपारी. खरं सांगतो, घटकाभर ऊर भरून आला. म्हटलं, चला, पोरांना मराठीची आठवण झाली.

मग एकेक उघडली. सदतीस जणांनी रीडमी या प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलच्या तळाशी आपलं नाव आणि रोल नंबर लिहिला होता. दोघांनी एक पूर्णविराम काढून परत जागच्या जागी ठेवला होता. एकाने 'फार सुंदर प्रकल्प' एवढंच इंग्रजीत लिहून पाठवलं होतं. उरलेल्या एकीची गोष्ट पुढे सांगतो. चौकशी केल्यावर कळलं की आपल्याच शहरातल्या एका महाविद्यालयात त्या दिवशी कार्यशाळा होती. (कुठल्या ते सांगणार नाही, आणि कृपा करून ओळखायच्या भानगडीतही पडू नका.) 'ओपन सोर्समध्ये', म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा कामात, 'एक योगदान' केलं की हजेरी लागणार आणि सर्टिफिकेट मिळणार. शिकवणाऱ्याने नमुना म्हणून कुठलासा प्रकल्प पडद्यावर दाखवला, तो नेमका आमचा निघाला.

यात इंदूरचं काही विशेष नाही. हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम २०१४पासून दर ऑक्टोबरात चालतो. चार पुल रिक्वेस्ट द्या आणि टी-शर्ट घ्या, असा त्याचा रिवाज होता. २०२०मध्ये अशाच निरर्थक बदलांचा इतका पाऊस पडला की महिना सुरू होऊन तीन दिवस होत नाहीत तोच आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाची तयारी असेल त्यानेच भाग घ्यावा. म्हणजे पोरं वाईट नाहीत. ज्याची मोजणी होते ते करायला पोरं शिकतात, आणि मोजणी कशाची करायची हे आपण मोठी माणसं ठरवतो.

आता आम्ही कोण ते सांगतो. मराठीचा शब्दतपासनीस सांभाळणारी आम्ही तीन माणसं. लोकमान्य नगरात राहणारा आणि सुपर कॉरिडॉरवर नोकरी करणारा मी. पुण्याच्या एक निवृत्त प्रूफरीडर बाई. आणि ठाण्याचा एक जण, जो दुसरं मूल झाल्यापासून रात्री अकराच्या आधी दिसत नाही. लिब्रेऑफिसमध्ये किंवा फायरफॉक्समध्ये मराठी लिहिताना चुकलेल्या शब्दाखाली जी लाल नागमोडी रेघ उमटते, ती उमटवणाऱ्या इंजिनाचं नाव हनस्पेल. नेमेथ लास्लो या हंगेरियन माणसाने ते मुळात त्याच्या भाषेसाठी लिहिलं, कारण हंगेरियनमध्येही आपल्यासारखंच शब्दाला शेपटावर शेपूट लागत जातं. क्रोमच्या पोटातही तेच आहे. इंजिन सगळ्यांचं, पण त्यात भाषा मात्र ज्याची त्याने भरायची. आम्ही भरतो त्या दोन फाइली. एकीत शब्द, म्हणजे आमचा कोश, दुसरीत त्या शब्दांना प्रत्यय लावायचे नियम.

ऐकायला हे एका उन्हाळी सुट्टीचं काम वाटतं. मलाही वाटलं होतं. इंग्रजीत हाउसचं हाउसेस झालं की विषय संपला. आपल्याकडे घर म्हटलं की घरात, घराला, घरापासून, घरासमोरच्या, घरासमोरच्यांनाही; एकेका नामाची रूपं शेकड्याने मोजावी लागतात. ती सगळी लिहीत बसलो तर जन्म पुरणार नाही, म्हणून नियम करायचे. आणि नियम करायला बसलं की मराठी गालातल्या गालात हसते. 'फूल'चं 'फुलात' होतं, 'जमीन'चं 'जमिनीत', 'विहीर'चं 'विहिरीत'. शेवटून दुसरं अक्षर ह्रस्व करा, झाला नियम. पण 'शरीर'चं 'शरिरात' होत नाही, 'शरीरात'च राहतं, कारण तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली मान्य झाले, १९७२मध्ये आणखी चार आले, आणि त्यांतला हा एक तुमच्यापैकी मराठी शाळेत शिकलेल्यांनी माझ्यासारखाच घोकला असेल. यंत्राने काही घोकलेलं नाही. 'विहीर' आपली आणि 'शरीर' संस्कृतचं, हे कुणीतरी बसून एकेका शब्दापुढे खूण करून सांगावं लागतं. आमच्या पुण्याच्या बाईंनी 'अ'पासून सुरू करून 'म'पर्यंत आणून ठेवलं आहे. बाईंचं वय बहात्तर.

यंदा फेब्रुवारीत एक पुल रिक्वेस्ट आली. अशी नीटनेटकी की पाहत राहावं. वर्णन मुद्देसूद, चाचण्या जोडलेल्या, भाषा अदबीची. बदल काय, तर सगळ्याच शब्दांची दीर्घ वेलांटी सामान्यरूपात ह्रस्व करून टाकलेली. 'शरिरात', 'तिरावर', सगळं राजरोस पास. चाचण्याही त्याच चुकीच्या रूपांच्या, त्यामुळे त्याही पास. मुलाला फोन केला तर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की हे चॅटबॉटने लिहून दिलं आणि त्याने स्वतः उघडूनही पाहिलेलं नाही. त्याला पाठवायला पाच मिनिटं लागली असतील. मला ते वाचून, तपासून, न दुखावता परत पाठवायला अख्खा रविवार गेला. पूर्वी नवखा माणूस चुकायचा तेव्हा चूक पहिल्या ओळीतच दिसायची. आता ती इस्त्रीचे कपडे घालून येते.

आता त्या एकेचाळिसातली उरलेली एक. मुलगी महूची, सेकंड इयरची, घरी आजीमुळे मराठी. तिने नाव लिहिलं नव्हतं, प्रश्न लिहिला होता, आणि त्याबरोबर तीन ओळींचा बदल. माझा फोटोतला पांढरा केस पाहून तिने थेट काकाच केलं: "काका, 'आचाऱ्यांना' हा शब्द तुमच्या कोशात आहे, मी शोधून पाहिला. तरी आजीच्या जुन्या फाइलीत त्याच्याखाली लाल रेघ येते. डोळ्यांना तर दोन्ही सारखेच दिसतात."

हा प्रश्न किती चांगला आहे ते तुम्हाला कळावं म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडे आचार्यांना नमस्कार करतात आणि आचाऱ्यांना मीठ जास्त झालं म्हणून सांगतात. फरक त्या एका अर्ध्या र-चा. एकदा तो डोक्यावर रफार होऊन बसतो, एकदा आडवा होऊन पुढच्या य-ला चिकटतो. तो आडवा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त; दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. कुठला कीबोर्ड वापरला त्यावर ते ठरतं. पडद्यावर दोन्ही जुळी भावंडं. यंत्राच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द, आणि आमच्या कोशात त्यांतला एकच होता. दऱ्या, पुऱ्या, वाऱ्यावर, दुसऱ्याला, जुन्या पद्धतीने टाइप केलेल्या फाइलीत यांतल्या प्रत्येकाखाली रेघ. आम्ही तिघं कित्येक वर्षं ही रेघ बघत होतो आणि 'फाँटचा घोळ असेल' म्हणून पुढे जात होतो. हिने दोन्ही शब्द उघडून आतले कोड एकाखाली एक मांडले आणि सांगितलं, हे बघा, इथे एक जास्तीचं आहे.

तिला मी उत्तर दिलं एकोणीस दिवसांनी.

हे मला स्वतःहून सांगितलं पाहिजे, कारण या पत्रात सगळी तक्रार तुमच्याबद्दलच असेल तर ते लबाडीचं होईल. त्या सदतीस नावांचा इतका राग आला होता की मी ती खिडकीच उघडली नाही. त्यात हिचा प्रश्न गाडला गेला. आणि एरवीही आमचं आतिथ्य काही फार बरं नाही. नव्या माणसासाठीची सूचनापत्रिका आम्ही इंग्रजीत लिहिली आहे, तीही ज्याला सगळं आधीच येतं अशा माणसाला कळेल अशी. विंडोज असलेल्या पोराला सगळं उभं करायला एक पूर्ण दिवस जातो. खंडव्याचा एक मुलगा त्याआधी आला होता. त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण कोश उघडायला लागणारा वेळ त्याने निम्म्यावर आणून दाखवला. त्याचं काम आमच्याकडे चाळीस दिवस पडून राहिलं. एकेचाळिसाव्या दिवशी मी उत्साहाने 'मर्ज केलं!', म्हणजे प्रकल्पात सामावून घेतलं, म्हणून कळवलं तेव्हा त्याच्याकडून उत्तरही आलं नाही. का यावं? चाळीस दिवस दारात उभं केलेला माणूस पुन्हा बेल वाजवत नाही.

मग महूची मुलगी एकोणीस दिवस का टिकली, हे मी तिला नंतर विचारलं. तिच्या कॉलेजात प्रॅक्टिकल घेणारे एक सर होते. करारावरचे, तरुण, स्वतः मराठी न येणारे. ते चारनंतर लॅब बंद करायचे नाहीत. तिने आजीच्या फाइलीचा घोळ त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी 'गूगल कर' म्हटलं नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, चल, आतले बाइट बघू. माझ्या उत्तराची वाट पाहण्याच्या त्या दिवसांत दोघांनी मिळून आमचे जुने इश्यू, म्हणजे नोंदवलेल्या अडचणी, वाचून काढले. तिचा पहिला बदल माझ्यापर्यंत पोचला तेव्हा तो आधीच एकाने वाचलेला, एकदा परत पाठवलेला आणि सुधारलेला होता. मला फक्त मराठी तपासायचं होतं. वीस मिनिटं लागली.

त्या सरांचा करार पुढच्या वर्षी वाढवला गेला नाही. त्यांनी त्या लॅबमध्ये घालवलेल्या संध्याकाळी त्यांच्या वर्कलोडच्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नव्हत्या.

आणि म्हणून हे पत्र. लोकांना वाटतं, स्वयंसेवक हवेत म्हणजे विद्यार्थी हवेत. मला आता विद्यार्थी नकोत असं नाही, पण पहिल्यांदा हवेत ते शिक्षक. तुमच्या विभागातला एक, फक्त एक. कारण हिशेब साधा आहे. नवा माणूस आला की पहिले काही महिने तो काम करत नाही, काम वाढवतो. त्याला शिकवावं लागतं, त्याचं वाचावं लागतं, चुकलेलं गोडीत परत द्यावं लागतं. हा खर्च कुणीतरी उचलतं तेव्हाच तो पुढे कमावता होतो. आमच्या तिघांच्या गल्ल्यात तेवढे तास नाहीत. आणि मुलं तर चार वर्षांची पाहुणी. कॅम्पस झाला की पुणे, बेंगळुरू, हैदराबाद. त्यात त्यांचं काही चुकत नाही. इंदुरात राहतो तो मास्तर. दर जुलैत नवी तुकडी येते आणि मास्तर तिथेच असतो. गूगल २००५पासून समर ऑफ कोड हा नवख्यांना ओपन सोर्स प्रकल्पांत काम देणारा उपक्रम चालवतं, आपली पोरं त्यात दरवर्षी मोठ्या संख्येने असतात. तिथेही निवडलेल्या प्रत्येकाला नावानिशी एक मार्गदर्शक नेमून दिलेला असतो. पोराला वाऱ्यावर सोडत नाहीत.

मी स्वतः हे शिकलो ते कुठल्या कॉलेजात नाही. माझे वडील मिलमध्ये होते. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले दिव्यांचे चित्ररथ, तुम्ही जेल रोडवर उभं राहून पाहिल्या असतील. आम्ही त्या आतून पाहायचो. मिलच्या शेडमध्ये गणपतीच्या कितीतरी आधीपासून काम चालायचं, पाळी संपवून आलेले कामगार रात्री बसायचे. मी दहा वर्षांचा असताना मला तिथे पहिलं काम मिळालं ते वाकडे खिळे सरळ करण्याचं. दुसऱ्या वर्षीही खिळेच. तिसऱ्या वर्षी एका काकांनी मला ड्रमजवळ बसवलं.

तो ड्रम म्हणजे लाकडाचा गोल ओंडका. त्याच्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, वर ओळीने पितळी जिभा टेकलेल्या. मोटर ओंडका फिरवायची; पट्टी जिभेखाली आली की त्या तारेवरचे दिवे लागायचे, पट्टी सरकली की विझायचे. पट्ट्या कुठे आणि किती लांब ठोकल्या यावर मोराचा पिसारा फुलणार की नुसताच लुकलुकणार ते ठरायचं. काकांनी माझ्या हातात एक पट्टी दिली आणि म्हणाले, "ही दोन बोटं पुढे ठोक आणि सांग मला, काय झालं ते." मी ठोकली. पिसाऱ्याची डावी बाजू उजवीच्या जरा आधी उघडायला लागली, मोर आळस दिल्यासारखा दिसला. शेडमधली सगळी हसली. काका हसले नाहीत. म्हणाले, "राहू दे. चांगलं दिसतंय." तो मोर तसाच रस्त्यावर निघाला. माझा पहिला प्रोग्रॅम तो, आणि माझी पहिली पुल रिक्वेस्टही तीच.

पुढच्या वर्षी काकांना गणपतीच्या तोंडावर कावीळ झाली. ड्रमचं गणित त्यांच्या डोक्यातच होतं, कागदावर कुठेही नव्हतं. माझ्यासारखी दोन पोरं एखादी पट्टी हलवण्यापुरती तयार होती, आख्खा ड्रम बांधण्यापुरती नव्हती. त्या वर्षी आमच्या झांकीचे सगळे दिवे एकदम लागायचे आणि एकदम विझायचे. वडील रस्त्याच्या कडेला उभे राहून म्हणाले, "ठीक आहे." त्यांचा तो 'ठीक आहे' मला अजून ऐकू येतो.

हुकूमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली, मागोमाग इतरही. देणी मिळवायला कामगारांना तीस वर्षांहून जास्त लढावं लागलं. आणि तरी झांक्या निघत राहिल्या. वर्गणी काढून, उसनवारी करून, म्हाताऱ्या हातांनी. पगार थांबल्यावरही काम का थांबलं नाही याची पुस्तकी उत्तरं पुष्कळ असतील. मला दिसलं ते एवढंच, की शेडमध्ये नवीन आलेल्याला खिळे कोण देणार आणि ड्रमजवळ कधी बसवणार हे ठरलेलं होतं.

एकट्या माणसाच्या डोक्यात काम ठेवलं की काय होतं याचं ताजं उदाहरण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल, तरी सांगतो, कारण वर्गात सांगण्यासारखं आहे. एक्सझेड नावाची डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी जगातल्या असंख्य लिनक्स यंत्रांवर असते. ती वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. 'जिया टॅन' अशा नावाने कुणीतरी २०२१च्या सुमारास मदतीला आलं. कामं खरोखरची करून द्यायचं. त्याच वेळी काही अनोळखी खात्यांवरून मूळ माणसाला टोचणी सुरू झाली की कामं रखडतात, दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. हळूहळू किल्ल्या त्या मदतनिसाच्या हाती आल्या, आणि २०२४च्या सुरुवातीला त्याने लायब्ररीत चोरदरवाजा बसवला. तो जगभर पसरायच्या आत मार्चअखेर सापडला तो निव्वळ एका माणसाच्या चिकित्सक स्वभावामुळे. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते दुसरंच काही मोजत होते आणि त्यांना लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. अर्धा सेकंद! आपण असतो तर 'नेट स्लो आहे' म्हणून चहाला गेलो असतो.

आमच्या कोशात चोर शिरून त्याला मिळणार काय, 'शरिरात'? पण दमलेल्या माणसाची अवस्था मला त्यात ओळखीची वाटली. मदतीला कुणी आलं की त्याला पारखायचं त्राण उरत नाही, नुसतं हायसं वाटतं. पारखायला दुसरी जोडी डोळे लागतात, आणि त्या डोळ्यांना प्रकल्पाची जुनी ओळख लागते.

तुमच्या अडचणी मला अगदीच ठाऊक नाहीत असं समजू नका. माझी बायको एका कॉलेजात शिकवते. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या आणि एनबीएच्या फाइली घरी येतात, जेवणाच्या टेबलावर मार्चपर्यंत त्यांचाच संसार असतो. प्रमोशनला पेपर मोजतात; पोरांचं कोड वाचून परत दिलेलं कुणी मोजत नाही. विद्यापीठाचा अभ्यासक्रम भोपाळहून येतो, त्यात तुम्हाला हात घालता येत नाही. पण वेळापत्रक विभागप्रमुखच लावतो ना? आठवड्याचे दोन तास, एका शिक्षकाच्या नावावर, 'लॅब'च्याच रकान्यात. एवढं मागतोय. त्या दोन तासांत त्यांनी पाच-सहा मुलांना घेऊन बसायचं आणि मुलांनी केलेलं आमच्याकडे पाठवायच्या आधी स्वतः वाचायचं. आमचाच प्रकल्प हवा असा हट्ट नाही. तुमच्याकडे हिंदी बोलणारी मुलं जास्त आहेत, तर हिंदीचं करा. मालवीचं करा, मालवीसाठी आपण इंदूरवाल्यांनी नाही करायचं तर कुणी?

मेजर प्रोजेक्टबद्दलही एक बोलायचं आहे. फायनल इयरला दरवर्षी वाचनालयाची देवघेव आणि चेहरा पाहून हजेरी हे दोन प्रकल्प किती जणांनी केले ते तुमच्या कपाटातल्या काळ्या बाइंडिंगच्या रिपोर्टांवरून कळेल. तो प्रोग्रॅम व्हायव्हाच्या दुसऱ्या दिवशी मरतो. त्याऐवजी चालत्या प्रकल्पातली एकच अडचण वर्षभर घेतली तर? रिपोर्टात लिहायला कमी भरेल, मान्य. पण दुसऱ्याने दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं कोड वाचता येणं, 'हे असं का केलं असेल' म्हणून डोकं धरून बसणं, नकार पचवून परत पाठवणं, हे सगळं नोकरीच्या पहिल्या महिन्यात लागतं, आणि ते येत नाही म्हणून आम्ही कंपन्यांत डोकं आपटतो. हे मी नोकरीवरच्या अनुभवाने बोलतोय.

सगळी कोड लिहिणारीच हवीत असंही नाही. गेल्या वर्षी आमच्यात नऊ दिवस वाद चालला, तो 'सेव' या शब्दावर. पुण्याच्या बाई म्हणाल्या, शब्द 'शेव' आहे, 'सेव'खाली रेघ आलीच पाहिजे. मी म्हटलं, बाई, इंदुरात जन्मलेल्या मराठी माणसाला पोह्यांवर शेव घालायला सांगाल तर तो तुमच्याकडे बघत राहील. त्यांनी कोशांचे दाखले दिले. मी सराफ्यातल्या खाऊगल्लीत येण्याचं आमंत्रण दिलं. ठाण्याचा रात्री अकराला येऊन दोघांनाही झोपायला सांगायचा. शेवटी महूच्या मुलीने तोडगा काढला की दोन्ही ठेवा, 'सेव'ला प्रादेशिक अशी खूण करा आणि वापरणाऱ्याला हवं तर बंद करता येऊ दे. असले वाद घालायला इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याची माणसं हवीत, नाहीतर बाहेर राहणाऱ्या मराठीचा प्रत्येक शब्द लाल होऊन बसेल. तुमच्या घरात, शेजारी कुणी निवृत्त मराठी शिक्षिका असतील तर त्यांनाही सांगा. कॉम्प्युटर येत नसला तरी चालेल. 'म'च्या पुढचे शब्द मी छापून आणून देईन, लाल पेन माझं.

आम्ही काय करू तेही लिहून देतो. सूचनापत्रिका मराठीत आणि हिंदीत लिहायला घेतली आहे, निम्मी झाली. तुमच्या शिक्षकाने पाहून पाठवलेल्या बदलाला पाच दिवसांत उत्तर, 'हो', 'नाही' किंवा 'अजून पाहतोय'. सर्टिफिकेट देणार नाही. पण ज्याने वर्षभर काम केलं त्याने नेमकं काय केलं याचं पत्र तिघांच्या सहीने देऊ, आणि कुणी नोकरी देणाऱ्याने फोन केला तर सविस्तर सांगू. महूच्या मुलीच्या वेळी तसा फोन आला होता. ती आता पुण्यात आहे, महिन्यातून एखाद्या रविवारी उगवते. तेवढं मला पुष्कळ आहे.

सप्टेंबरातल्या कुठल्याही शनिवारी सांगा, मी सुट्टी काढून तुमच्या लॅबमध्ये येतो. भाषण नको, बुके नको, हॉलही नको. एक शिक्षक, पाच-सहा मुलं आणि चारनंतर कुलूप न लागणारी खोली. 'विहिरीत' हा बरोबर लिहिलेला शब्द आमच्या कोशात आज लाल होतो आणि 'विहीरीत' बिनबोभाट जातो, कारण बाई अजून 'व'पर्यंत पोचलेल्या नाहीत. पहिल्या दिवशी तिथून सुरुवात करू.

आपला नम्र,
शब्दतपासनीसवाल्या तिघांपैकी एक
लोकमान्य नगर, इंदूर